विश्लेषण : गाडीला ‘सेल्फ’ देणारे चार्ल्स केटरिंग कोण होते?

तळेगाव दाभाडे येथील जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, पुढे तो ह्युंदाईने विकत घेतला. तेथून बाहेर पडलेल्या शेव्हरोले गाड्या आता जुन्या झाल्या. जुन्या गाडीचा ‘सेल्फ’ गेला की मेकॅनिक आधी सेल्फ कुठे बसवला आहे ते पाहतो, कारण कामाचा बहुतेक वेळ तिथवर हात पोहोचवण्यातच जातो. हा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, ज्यांच्या डोक्यातून निघाला ते चार्ल्स केटरिंग पुढे याच जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख झाले.

सुरुवात कुठून झाली?

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिलजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. त्यांनी काही काळ शाळेत शिकवले. डोळ्यांच्या त्रासाने कॉलेज सुटले, तेव्हा टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम केले. अखेर १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेऊन ते डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागले. दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची छोटी मोटर बसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढचे सगळे या गल्ल्यातून निघाले, असे म्हटले तरी चालेल.

हँडलची भीती का होती?

तेव्हा गाडी पुढून हँडल मारून चालू करावी लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा हिसका देई आणि मनगट मोडे. हँडल धरताना अंगठाही बोटांच्याच बाजूला ठेवायचा, असे जुने ड्रायव्हर शिकवत ते यासाठीच. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे मित्र बायरन कार्टर अशाच हिसक्याने जखमी होऊन दगावले आणि त्यानंतर लेलँड यांनी उपाय शोधायचे मनावर घेतले, अशी हकीकत सांगितली जाते.

केटरिंग यांनी नेमके काय केले?

इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असा तज्ज्ञांचा होरा होता. गल्ल्याची मोटर क्षणभरच चालते, हे केटरिंग यांना ठाऊक होते. काही सेकंदांचेच काम असेल तर छोट्या मोटरवर तिच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकता येतो. सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात, नोकरी सांभाळून रात्री हे प्रयोग चालत. त्यातूनच १९०९ मध्ये ‘डेल्को’ कंपनी उभी राहिली. १९११ मध्ये सेल्फ तयार झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलवर तो आला.

सेल्फ सलग मारत राहू नये, याचे कारणही हेच. दोन-चार सेकंदांच्या भाराची मोटर अर्धा मिनिट दाबून धरली तर ती तापून जळते.

मग तो इतका आत का?

सेल्फचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकावे लागते. फ्लायव्हील इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात असते, त्यामुळे सेल्फला दुसरी जागाच नाही. केटरिंग यांच्या काळी त्या सांध्याभोवती मोकळी जागा होती. नंतर इंजिने आडवी बसू लागली आणि इनटेक मॅनिफोल्ड, एअर फिल्टरचा डबा, बॅटरीचा ट्रे, सायलेन्सरचा पाइप असे सगळे त्याच्या भोवती गोळा झाले. कहर म्हणजे, ज्या कॅडिलॅकने पहिल्यांदा सेल्फ घेतला, तिच्याच १९९० च्या दशकातील नॉर्थस्टार व्ही-८ इंजिनात तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली गेला. बदलायचा तर आधी मॅनिफोल्ड उतरवा.

म्हणून खोलाखोलीआधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर तपासून घेणे शहाणपणाचे. नुसता ‘टक’ आवाज येऊन इंजिन फिरले नाही तर दोष अनेकदा तिथेच सापडतो. सेल्फच काढायचा ठरला तर बॅटरीचे मायनस टर्मिनल आधी सोडवायचे. जाड केबल बॅटरीतून बहुधा थेट, फ्यूजशिवाय, सेल्फवर येते. पान्याचा चुकून स्पर्श झाला तरी मोठी ठिणगी उडते. इतके खोलल्यावर कार्बन ब्रश आणि बुश बदलून जुनाच सेल्फ परत बसवावा की नवा घालावा? मजुरी दोन्हीकडे सारखीच पडत असल्याने, जागा फार अडचणीची असेल तर नवाच परवडतो.

शिशाचा डाग कोणता?

केटरिंग १९२० ते १९४७ जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख होते. त्यांच्या हाताखालील थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसे मिसळून इंजिनाची ठोठो थांबवली. शिसे विषारी आहे हे तेव्हाही माहीत होते. १९२४ मध्ये हे मिश्रण बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही ते विकणाऱ्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते आणि विक्री वाढत गेली. सेल्फचे कौतुक करताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कला उभ्या राहिलेल्या स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्थेला त्यांचे नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० मध्ये बंद झाले. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये.