वाऱ्याशी सख्य जोडू पाहणारे कै. शिवकर बापूजी तळपदे



मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा आपला प्रघात आहे. संतांची आणि राण्यांची चरित्रे होऊन गेली. या खेपेस मी एका चित्रकलेच्या मास्तरांचे चरित्र लिहीत आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी यांची गोष्ट ऐकलेली आहे. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत तर यांच्यावर एक तरी भाषण असतेच. अमेरिकेच्या राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे एका मराठी माणसाने मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, असे ते भाषण असते. टाळ्याही भरपूर पडतात. त्या मराठी माणसाचे नाव शिवकर बापूजी तळपदे.

तळपद्यांचा जन्म १८६४ साली मुंबईस पाठारे प्रभू ज्ञातीत झाला. ही मंडळी मुंबईची फार जुनी रहिवासी. गिरगाव, चिराबाजार, ठाकुरद्वार या भागात त्यांची घरे होती. त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणली म्हणजे तळपद्यांच्या मनाची घडण कळते. आगगाडी सुरू झाली ती १८५३ साली, म्हणजे त्यांच्या जन्माच्या अकराच वर्षे आधी. पाठोपाठ कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तारायंत्र आले. आजीने बैलगाडीतून प्रवास केला आणि नातू आगगाडीत बसला, अशी ती पिढी. जमिनीवर एवढे नवल घडते तर आकाशात का घडू नये, असे एखाद्या बुद्धिमान मुलाच्या मनात येणे साहजिकच होते.

सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा, जिला आपण जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणतो, ती १८५७ साली निघाली. तळपदे तेथे शिकले व पुढे तेथेच शिक्षक झाले. चित्रकला शिकविणाऱ्याचा विमानाशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. परंतु नजरेने माप घेणे, कागदावर आराखडा काढणे आणि हाताने वस्तू घडविणे या गोष्टी तेथे शिकायला मिळतात, आणि घरी यंत्र बांधणाऱ्याला आधी याच लागतात. तेथील त्यांचे गुरू चिरंजीलाल वर्मा यांनी त्यांच्या मनात प्राचीन भारतीय विद्यांची ओढ निर्माण केली. तळपदे संस्कृत जाणत होते. स्वामी दयानंद सरस्वतींची वेदांवरील भाष्ये त्यांनी अभ्यासिली. रामायणातले पुष्पक विमान आपण आरतीसारखे ऐकतो आणि सोडून देतो. तळपद्यांनी ते सोडले नाही. आपल्या पूर्वजांना ही विद्या अवगत असली पाहिजे, व ती पुन्हा हाती येईल, अशी त्यांची श्रद्धा बसली.

श्रद्धा पुष्कळांची असते. तळपद्यांचा मोठेपणा असा की, ते नुसते प्रवचन करीत बसले नाहीत; स्वतः यंत्र उभे करण्याच्या मागे लागले. त्यांनी आपल्या विमानाचे नावही ठरविले होते, मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा सखा. नाव किती गोड आहे! वाऱ्याला जिंकण्याची भाषा त्यात नाही, सख्याची आहे. आपल्या संशोधनावर त्यांनी १९०७ साली ‘प्राचीन विमान कलेचा शोध’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. पगारदार माणसाने, पाठीशी ना कारखाना ना सरकार असताना असे काम हाती घेणे म्हणजे काय, हे प्रपंच करणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको. महिन्याचा किराणा, मुलांच्या फिया, आल्यागेल्याचा पाहुणचार यांतून जे उरेल त्यावर विमान बांधायचे!

आता चौपाटीच्या गोष्टीकडे येते. गोष्ट अशी सांगतात की, १८९५ साली गिरगाव चौपाटीवर मोठा समुदाय जमला होता. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हजर होते. माणूस न बसविलेले मरुत्सखा पंधराशे फूट उंच गेले आणि मग खाली आले. विमान बांबूचे होते व पाऱ्याच्या शक्तीवर चालले, असेही सांगतात.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतात असे म्हणून लिहिली आहे. त्या वर्षीच्या कोठल्याही वर्तमानपत्रातला मजकूर, छायाचित्र किंवा हजर असलेल्या कोणाची त्या वेळी लिहिलेली टिपणी अभ्यासकांना सापडलेली नाही. जे लिहिले गेले ते फार वर्षांनी, ऐकीव माहितीवरून. १८९५ ची मुंबई काही आडगाव नव्हते. तेथे इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रे निघत होती. हजारो लोकांसमोर यंत्र आकाशात गेले असते, तर दुसऱ्या दिवशी त्याखेरीज दुसरी बातमीच नसती.

पाऱ्याचेही पाहू. ताप पाहण्याच्या जुन्या काचेच्या नळीतला पारा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो पाण्याहून साडेतेरा पट जड असतो. एका लिटरच्या मापात भरला तर साडेतेरा किलो भरेल. शिवाय त्याची वाफ विषारी. जे यंत्र हलके करण्यासाठी माणूस लाकडाऐवजी बांबू वापरतो, त्यात एवढे जड ओझे भरणे व्यवहाराला धरून दिसत नाही.

विमान उडते कशाने, हे आपल्या घरातल्या अनुभवावरूनही थोडे कळते. संक्रांतीला मुले पतंग उडवितात. पतंग वाऱ्याला किंचित तिरका धरला म्हणजे वारा त्याला वर लोटतो, आणि दोरा त्याला वाऱ्याच्या तोंडाशी धरून ठेवतो. विमानाला दोरा नसतो. दोऱ्याचे काम यंत्राने फिरणारा पंखा करतो; तो विमानाला पुढे ओढतो, मग पंखांवरून वारा वाहू लागतो आणि विमान उचलले जाते. म्हणजे तीन गोष्टी जमायला हव्यात. पंखांचा आकार बरोबर हवा. वजनाने हलके पण जोरदार इंजिन हवे. आणि वर गेल्यावर तोल सावरण्याची युक्ती हवी. तळपद्यांच्या काळी साऱ्या जगात या तिहींवर माणसे झुरत होती. इंग्लंडात हिराम मॅक्सिम यांचे वाफेवर चालणारे अवाढव्य यंत्र १८९४ साली रुळांवरून धावता धावता क्षणभर उचलले गेले आणि मोडले. जर्मनीत ओटो लिलिएंथाल टेकडीवरून पंखांच्या आधारे तरंगत खाली येत. १८९६ च्या ऑगस्टात तोल जाऊन पडले आणि दुसऱ्या दिवशी वारले. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांचे माणूस नसलेले लहान विमान ६ मे १८९६ रोजी वाफेच्या इंजिनावर पोटोमॅक नदीवरून सुमारे तेहतीसशे फूट गेले. टेलिफोनचे जनक ग्रॅहॅम बेल तेथे हजर होते. त्यांनी छायाचित्र घेतले, म्हणून आज ते उड्डाण निर्विवाद आहे.

राइट बंधूंचे पाहा. हे दोघे भाऊ सायकली दुरुस्त करणारे. त्यांचे विमानही घरगुतीच होते. १९०० सालच्या त्यांच्या पहिल्या मोठ्या ग्लायडरच्या पंखांचे कापड विल्बर राइट यांनी किटी हॉक गावात टेटबाईंच्या शिवणयंत्रावर स्वतः शिवले. काम झाल्यावर ते ग्लायडर तेथेच टाकून दिले, तेव्हा टेटबाईंनी त्याचे रेशमासारखे तलम कापड उतरवून आपल्या मुलींची झबली शिवली. कोणतीही संसारी बाई हेच करील! पुढे १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिनाचे विमान माणसासह उडाले. पहिले उड्डाण अवघे बारा सेकंद व एकशे वीस फूट. त्याच दिवशी चौथ्या खेपेस ते एकोणसाठ सेकंद व आठशे बावन्न फूट गेले. हे आकडे आपल्याला आज सांगता येतात, कारण त्यांनी ते रोजनिशीत टिपले, साक्षीदार ठेवले आणि छायाचित्र काढविले. बारा सेकंदांना कोणी खोटे म्हणू शकत नाही. पंधराशे फुटांना मात्र आधार सापडत नाही.

तळपद्यांच्या हयातीतच विमान हिंदुस्थानात आले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादेहून यमुनेपलीकडे नैनीला विमानाने टपाल नेण्यात आले. जगातले ते पहिले सरकारी हवाई टपाल. ज्याचा ध्यास घेतला ते परदेशी माणसाच्या हातून आपल्या भूमीवर उडाले, हे वाचून या गृहस्थांच्या मनास काय वाटले असेल! तरी त्यांनी नाद सोडला नाही. अखेरच्या काळात बंगळूरकडील पंडित सुब्बराय शास्त्री यांच्याकडून मिळणाऱ्या प्राचीन विमानविद्येवर त्यांनी भरवसा ठेवला व तिच्यावरून नमुने करून पाहिले. परंतु त्यातला एकही उडाला नाही. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी या शास्त्रींच्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाची कसून तपासणी केली आणि १९७४ साली निर्णय दिला की, ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत. तळपद्यांना हे कळायला ते नव्हते. पहिले महायुद्ध चालू असतानाच, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असता त्यांचे देहावसान झाले.

२०१५ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला आणि चौपाटीची गोष्ट पुन्हा घरोघर पोहोचली. आपली मुले ती खरी धरूनच भाषण करतात. कोणी म्हणेल, मुलांना अभिमान वाटतो आहे तर वाटू द्या, तुमचे काय जाते? माझ्या मते पुष्कळ जाते. ते मूल उद्या शहरात कॉलेजात जाईल. तेथे कोणी पुरावा मागितला आणि हसले, की त्याला वाटेल, आईने व मंडळातल्या बायांनी सांगितलेले सगळेच खोटे. मग तळपद्यांचा खरा उद्योगही तो केराच्या टोपलीत टाकील. आणि तळपद्यांनाही न्याय होत नाही. विमान उडाले म्हणूनच माणूस मोठा, असे धरले तर ज्याचे उडाले नाही त्याचे कष्ट वाया गेले असे होईल. लिलिएंथाल पडून मेले तरी राइट बंधूंनी त्यांना गुरुस्थानी मानले.

तेव्हा मुलांच्या भाषणात असे सांगावे असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत एक कलाशिक्षक होते. जगात अद्याप कोणाला इंजिनाचे विमान घेऊन उडता आले नव्हते, तेव्हा आपणही ते बांधावे असा ध्यास त्यांनी घेतला. विद्या जुन्या ग्रंथांत शोधली, ती तेथे मिळाली नाही; तरी हात थांबविला नाही. एवढे सांगितले तरी टाळ्या पडतील, आणि पडल्या नाहीत तरी सांगितलेले खरे असेल.

घरी विमान बांधण्याचे ते स्वप्न एका मराठी माणसाने आपल्या डोळ्यांदेखत पुरे केले आहे. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीस आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले. २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली, २०१९ साली उडविण्याचा परवाना मिळाला आणि त्याची चाचणी झाली ती आपल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत आपले धडगाव धुळे जिल्ह्यातच होते, म्हणून मला याचे अधिक कौतुक. बांधायला जितकी वर्षे लागली, जवळपास तितकाच धीर कागदांसाठी धरावा लागला. तपासणीचे ते कागद मिळवताना जीव मेटाकुटीस येतो खरा; पण शंभर वर्षांनी कोणाला सांगतात असे म्हणावे लागणार नाही.

आपल्या मंडळात जमाखर्चाची वही आहे, सभेचे इतिवृत्त लिहून त्यावर सह्या घेतात. कित्येकींना तो कंटाळा वाटतो. मला तो वाटत नाही. सातपुड्यात आपल्या बायांच्या हाती केवढी विद्या आहे! आमचूर करताना फोडी किती जाड ठेवाव्या, किती उन्हे द्यावी, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. मोहाची फुले कशी वाळवावी, बांबूची कोणती कामटी सुपाला घ्यावी आणि कोणती टोपलीला. हे सारे तोंडी चालले आहे. करणारी गेली की मागे उरते ते सांगतात एवढेच. यंदापासून दर सभेत एका भगिनीने आपल्याला येणारी एक गोष्ट मापासह, तारखेसह सांगावी आणि चिटणीसबाईंनी ती वहीत उतरवून घ्यावी, अशी माझी सूचना आहे. कै. तळपद्यांच्या स्मृतीस याहून योग्य वंदन मला सुचत नाही.