पेशव्यांच्या लग्नाचं प्लॅनिंग करणारे नाना फडणवीस नगरच्या किल्ल्यात कैदी म्हणून का राहिले?

घरात बारसं, डोहाळजेवण किंवा पोराचा पहिला वाढदिवस ठरला की हल्ली सगळ्यात आधी मोबाइलमध्ये एक यादी उघडते. थीम कुठली? फुलांची. मग मागे फुलांची भिंत, टेबलावर गुलाबी कापड, त्यावर कपकेक, छोट्या काचेच्या बरण्यांत खीर किंवा रसमलई, मधोमध केक. कोण फुलं आणणार, कोण पाहुण्यांना दारात घेणार, कुणाला फोन करायचा राहिला तर तो वर्षभर बोलून दाखवणार, सगळं त्या यादीत.

अशा यादीचा महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला नमुना 1783 सालचा आहे. ती करणारा माणूस राज्याचा कारभारी होता. नाव बाळाजी जनार्दन भानू, म्हणजेच आपले नाना फडणवीस. शाळेच्या पुस्तकात नाना भेटतात ते साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे म्हणून. अर्धे का, तर तलवारीत कच्चे. पण कागद आणि लेखणी हातात असली की समोर कुणी टिकायचं नाही.

नानांचं घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं. हो, तेच कासव महोत्सवाचं वेळास. आजोबा बाळाजी महादेव पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर दिल्लीला गेले आणि 1719 मध्ये पेशव्यांना वाचवताना मारले गेले. तेव्हापासून पेशव्यांच्या घरात भानूंचा शब्द चालायचा. फडणिशी म्हणजे हिशेब आणि दफ्तराचं काम या घराण्याकडे आलं. नानांचा जन्म 12 फेब्रुवारी 1742 चा, साताऱ्याचा. वडील लवकर गेले आणि कोवळ्या वयातच फडणिशी अंगावर पडली.

1761 मध्ये नाना पानिपतावर होते. वय 18. लढायला नाही, आईला घेऊन उत्तरेच्या तीर्थयात्रेला म्हणून ते सैन्यासोबत गेले होते. पराभवानंतर पळताना ते कसेबसे वाचले, आई मात्र परत आली नाही. हे सगळं त्यांनी स्वतःच्या छोट्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. यानंतर हा माणूस आयुष्यभर नशिबावर काही सोडायला तयार नव्हता, असं वाटतं. प्रत्येक गोष्ट लिहायची, मोजायची, दोनदा तपासायची.

आता त्या लग्नाकडे येऊ. पण ते लग्न इतकं मोठं का होतं, हे आधी कळायला हवं.

30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. संशय काका रघुनाथरावांवर. नारायणरावांची बायको गंगाबाई तेव्हा गरोदर होती. नाना, सखारामबापू बोकील आणि इतर मुत्सद्दी एकत्र आले, त्यालाच बारभाईंचं कारस्थान म्हणतात. गंगाबाईंना पुरंदरावर ठेवलं गेलं. 18 एप्रिल 1774 ला तिथे मुलगा झाला, सवाई माधवराव. जेमतेम चाळीस दिवसांचं बाळ पेशवा झालं. तीन वर्षांनी गंगाबाईही वारल्या. म्हणजे बाप जन्माआधी गेलेला, आई तिसऱ्या वर्षी गेलेली. या पोराचा सांभाळ करायचा, त्याच्या नावाने राज्य चालवायचं आणि त्याच्या मागण्यापुढच्या लोकांना हाताळायचं, हे सगळं नानांकडे आलं.

तिकडे रघुनाथराव इंग्रजांना जाऊन मिळाले होते. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध त्यातूनच झालं. मे 1782 मध्ये सालबाईचा तह झाला आणि इंग्रजांनी रघुनाथरावांचा नाद सोडला. रघुनाथराव शेवटी कोपरगावला येऊन राहिले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, गोदावरीकाठी.

सालबाईच्या तहाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, 10 फेब्रुवारी 1783 ला, पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न लागलं. नवरी थत्त्यांची रमाबाई. नवरदेव नऊ वर्षांचाही नव्हता.

या मुलाच्या जन्मावरच रघुनाथरावांच्या बाजूने शंका घेतल्या गेल्या होत्या. दहा वर्षांच्या भांडणानंतर सगळे सरदार, संस्थानिक आणि परदरबारचे वकील एका मांडवात येणार होते. इथे एखाद्याचा मान चुकला, एखाद्याचं आसन एक हात मागे गेलं, तरी त्याचा अर्थ राजकारणात काढला जाणार होता. नानांनी म्हणूनच लग्नाची तपशीलवार यादी केली. ती आज इतिहासाच्या अभ्यासकांना चांगली माहीत आहे. कामं वाटून दिलेली, प्रत्येक कामावर जबाबदार माणूस. कुणाचं स्वागत कसं करायचं, पानं कशी मांडायची, रांगोळी, उदबत्त्या, वाढपी स्वच्छ आणि नीटनेटके असावेत, वाढप कसं व्हावं, इथपर्यंत बारकावे. राज्याचा कारभारी पंगतीतल्या पानांवर नजर ठेवत होता.

ही पंगत डोळ्यांसमोर आणायची तर आजचं डेझर्ट टेबल थोडं बाजूला ठेवावं लागेल. त्या काळी गोडाचं वेगळं टेबल नव्हतं आणि गोड शेवटी यायचं असंही नव्हतं. जमिनीवर पाट, पुढे केळीचं पान, पानाभोवती रांगोळीची महिरप, बाजूला उदबत्ती. पानाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या. मधे भाताची गोल मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. त्याच पानावर, त्याच जेवणात गोड यायचं आणि पुन्हा पुन्हा यायचं. केशरी भात, जिलबी, बुंदीचे लाडू, खीर, श्रीखंड, पुरणपोळी, मांडे, फेण्या, घीवर ही पेशवाईतल्या मोठ्या जेवणांतली नावं. पिवळा केशरी भात, पांढरी मूद, हिरवी कोशिंबीर, लाल चटणी, आणि हे सगळं हिरव्यागार पानावर. थीम वेगळी करायची गरजच काय?

आणि फुलं तर सगळीकडे. दाराला झेंडूचं तोरण, मांडवाला केळीचे खांब आणि आंब्याचे डहाळे, पाहुण्यांना हार, पुरुषांच्या पागोट्यात तुरा, बायकांना गजरे. गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचं, मनगटाला अत्तर लावायचं, हातात विडा द्यायचा. पानसुपारी आणि अत्तरगुलाब झाला की समजायचं, कार्यक्रम संपला, आता निघा. पाहुण्याला उठा म्हणून न सांगता उठवायची इतकी सभ्य युक्ती आपण का सोडली कोण जाणे. मोठ्या वरातींपुढे कागद आणि अभ्रकाची फुलझाडं मिरवायचीही पद्धत होती. खोट्या फुलांची सजावट ही काही आजची गोष्ट नाही.

शनिवारवाड्यात तर एक फूल कायमचं होतं. सवाई माधवराव लहान असताना त्यांच्या मनोरंजनासाठी वाड्यात हजारी कारंजं बांधलं गेलं, असं सांगतात. आकार कमळाचा, सोळा पाकळ्यांचा, पाकळ्यांतून पाण्याच्या धारा. आई-बाप नसलेल्या पोरासाठी केलेलं हे सगळ्यात गोड काम म्हणता येईल. पर्वतीच्या पायथ्याशी त्याच्यासाठी प्राणीही पाळले होते. चित्रकार जेम्स वेल्सने पुण्यात येऊन या दोघांना एका चित्रात रंगवलं. किशोर पेशवा आणि सोबत सडपातळ, गंभीर नाना.

पण ज्या बारकाईने नानांनी लग्न पार पाडलं, त्याच बारकाईने त्यांनी या मुलाचं आयुष्यही चालवलं. कुणाला भेटायचं, कुणाची पत्रं यायची, सगळ्यावर नानांची नजर. पेशवा मोठा झाला, 1793 मध्ये रमाबाई वारल्या, दुसरं लग्न झालं, तरी कारभार नानांच्याच हातात. लग्नाचा मांडव एका दिवसाने उतरतो. इथे तो वीस वर्षं उतरलाच नाही.

11 मार्च 1795 ला खर्ड्याची लढाई झाली. खर्डा आजच्या जामखेड तालुक्यात येतं. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे निजामाविरुद्ध एकत्र उभे राहिले. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला आणि शेवटी मराठ्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. सवाई माधवराव स्वतः या मोहिमेत होते. सगळ्या सरदारांना एका जागी आणण्याची नानांची हातोटी इथे शेवटची कामी आली.

त्यानंतर सात महिन्यांत सगळं कोसळलं. रघुनाथराव 1783 च्या डिसेंबरात कोपरगावातच वारले होते. त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव नानांच्या नजरकैदेत होता. त्याची आणि सवाई माधवरावांची गुपचूप पत्रं सुरू झाली, नानांना कळलं, पेशव्यांना बोल बसले. 25 ऑक्टोबर 1795 ला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. वय 21. तापाच्या भ्रमात तोल गेला की त्यांनी स्वतःच उडी घेतली, यावर इतिहासकारांत आजही दोन मतं आहेत. ज्या वाड्यात त्यांच्यासाठी कमळाचं कारंजं उडवलं, त्याच वाड्यात हे झालं.

पुढचं वर्ष नानांसाठी पळापळीचं. पुणं सोडून ते थेट महाडपर्यंत गेले, तिथून पत्रांवर पत्रं लिहून डाव पुन्हा जुळवला आणि 1796 च्या शेवटी परत आले. ज्याला नजरकैदेत ठेवलं होतं तो बाजीरावच पेशवा झाला. ज्याचं आयुष्य तुम्ही कोंडलं, त्याच्याच हाताखाली काम करायचं. किती दिवस जमणार?

31 डिसेंबर 1797. दौलतराव शिंदे उत्तरेत निघणार होते. त्यांनी नानांची निरोपाची भेट घेतली होती, आता परतभेट देणं रीतीचं होतं. शिंद्यांच्या चाकरीतला इटालियन सेनानी मायकेल फिलोज याने सुरक्षिततेचा शब्द दिला होता. नाना पाहुणे म्हणून शिंद्यांच्या छावणीत गेले आणि तिथेच पकडले गेले. पाहुण्याला दारात कुणी घ्यायचं, कुठे बसवायचं, विडा कधी द्यायचा, हे ज्याने उभ्या राज्याला आखून दिलं, तो माणूस पाहुणा म्हणून गेला आणि कैदी झाला. मागे पुण्यात शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी श्रीमंतांना छळून पैसे उकळायला सुरुवात केली.

नानांना नेलं अहमदनगरच्या किल्ल्यात. निजामशाहीतला भुईकोट, भोवती खोल खंदक. याच किल्ल्यात पुढे 1942 ते 1945 पंडित नेहरू आणि काँग्रेसचे बडे नेते कैदेत होते, म्हणून तो देशभर माहीत आहे. त्याच्या जवळपास दीडशे वर्षं आधी तिथे पन्नाशी ओलांडलेले, थकलेले नाना होते. 1798 च्या मध्यावर शिंद्यांनी मोठी रक्कम घेऊन त्यांना सोडलं, कारण त्यांच्याशिवाय कारभार चालेना. त्याच वर्षी ते पुन्हा कारभारी झाले. पण आता तब्येत खालावलेली आणि पेशव्याचा विश्वास नाही. 13 मार्च 1800 ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

नानांची नऊ लग्नं झाली, पण वंश चालवणारं मूल मागे उरलं नाही. धाकट्या पत्नी जिऊबाई नंतर वाईजवळच्या मेणवलीत राहिल्या. कृष्णेकाठचा तो वाडा आणि घाट तुम्ही पाहिलाय, आठवत नसेल तर शाहरुखचा स्वदेस पुन्हा लावा. याच वाड्यात नानांची दफ्तरं रुमालात बांधून पडली होती, ती पुढे द. ब. पारसनीस यांच्यासारख्या इतिहासकारांच्या हाती लागली. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला. कमळाचं कारंजं दगडी असल्याने उरलं, आत गेलात की आजही त्याच्या पाकळ्या मोजता येतात.