गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६)

आपली विद्या घेऊन १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनला गेले, हे आपण जाणता. कायद्याच्या पदवीधर गोदावरीबाईंचा परका मुलुख मात्र मुंबईनजीकच होता. १९४५ मध्ये त्या डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर पोहोचल्या. तेथे वेठबिगार होती. लग्नाच्या कर्जापोटी ‘लग्नगडी’ होऊन जमीनदाराकडे राबणारी जोडपी होती. अशा भयग्रस्त माणसांपुढे नुसते कायद्याचे ज्ञान अपुरे होते. गोदावरीबाई पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, ऐकत गेल्या. त्याच वर्षी झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली. ही हकिकत सांगणाऱ्या त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. शीर्षकातील क्रियापद पाहा: ‘जागा करतो’ नव्हे, ‘जागा होतो’. सेवाकार्याचे मर्म या अकर्मक प्रयोगात आहे.