आईचे पैसे बाजारात बुडाले, पोरानं जगाला बाजार वाचायला शिकवला : बेंजामिन ग्रॅहमची गोष्ट

मोबाईल उघडला की कुणी ना कुणी आपल्याला श्रीमंत करायला बसलेलंच असतं. एक जण रील टाकून पाच शेअर सांगतो, दुसरा कोर्स विकतो, तिसरा टेलिग्राम ग्रुपची लिंक देतो. पैशाबद्दल शिकायची इच्छा सगळ्यांनाच असते, अडतं ते एकाच ठिकाणी. ऐकायचं कुणाचं आणि वाचायचं काय?

2024 मध्ये सेबीनं एक अभ्यास जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये ट्रेडिंग करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के लोक तोट्यात होते, असं त्यात दिसलं. म्हणजे चुकीचं शिकण्याची फी भलतीच महाग आहे.

अशी फी शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या एका घरानं भरली होती. त्या घरातल्या पोरानं पुढं शेअर बाजाराचा अभ्यास कसा करायचा हे जगाला शिकवलं. त्याचं नाव बेंजामिन ग्रॅहम. वॉरन बफे ज्याला गुरू मानतो, तो हाच माणूस.

पाच डॉलरचा चेक

बेंजामिनचा जन्म मे 1894 चा, लंडनमधला. घर ज्यू आणि आडनाव ग्रॉसबाम. तो वर्षाचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडील चिनीमातीची भांडी आणि शोभेच्या वस्तू युरोपातून मागवून अमेरिकेत विकायचे. धंदा चांगला होता, घरात नोकरचाकर होते.

1903 मध्ये वडील गेले. आई डोरा तीन पोरांना घेऊन उरली. तिनं नवऱ्याचा धंदा चालवायचा प्रयत्न केला, तो बसला. मग घरात भाडेकरू ठेवून खाणावळीसारखा धंदा सुरू केला, तोही चालला नाही. शेवटी तिनं शेअर बाजारात नशीब आजमावायचं ठरवलं, तेही मार्जिनवर.

मार्जिन म्हणजे काय? समजा तुम्ही 100 रुपयांचे शेअर घेतले. त्यातले 20 रुपये तुमचे, 80 ब्रोकरकडून उसने. भाव 20 रुपयांनी वाढला तर तुमचे पैसे डबल. पण तेवढाच पडला तर तुमचे सगळे पैसे साफ.

1907 मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक घबराट झाली, बाजार कोसळला आणि डोराचे पैसे गेले. त्यानंतरचा एक प्रसंग बेंजामिनच्या डोक्यात कायमचा बसला. तो आईचा चेक वटवायला बँकेत गेला होता. काउंटरवरच्या माणसानं दुसऱ्याला विचारलं, की या बाईच्या खात्यावर पाच डॉलर द्यायला हरकत नाही ना? पोरगं समोर उभं राहून हे ऐकत होतं.

प्राध्यापकी सोडून वॉल स्ट्रीट

पोरगं मात्र हुशार. लहानसहान नोकऱ्या करत स्कॉलरशिपवर तो कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि 1914 मध्ये वर्गात दुसरा आला. इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान या तिन्ही विभागांनी त्याला शिकवायला बोलावलं. पण घरी पैशाची नड होती. डीनच्या सल्ल्यानं तो वॉल स्ट्रीटवर गेला. पगार आठवड्याला 12 डॉलर. पहिल्या महायुद्धाच्या काळात कुटुंबानं जर्मन वाटणारं आडनाव बदललं आणि ग्रॉसबामचे ग्रॅहम झाले.

त्या काळात शेअर कसे घेतले जायचे? कानावर आलेल्या बातमीवर. कुणाचा तरी मित्र कंपनीच्या संचालकाला ओळखायचा, ब्रोकर काहीतरी कुजबुजायचा आणि लोक पैसे लावायचे. थोडक्यात टेलिग्राम ग्रुपच, फक्त टेलिग्राम नव्हतं. कंपन्याही आपले आकडे जेवढे लपवता येतील तेवढे लपवायच्या.

ग्रॅहमला मात्र आकडे वाचायची सवय लागली. या सवयीनं त्याला कुठं नेलं, ते 1926 च्या एका किश्श्यात दिसतं.

कुणी न वाचलेला रिपोर्ट

1911 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करायला लावले. त्यातून तेल वाहून नेणाऱ्या काही छोट्या पाइपलाइन कंपन्या वेगळ्या झाल्या. शेअरहोल्डरना त्या अगदी त्रोटक हिशोब द्यायच्या.

ग्रॅहम एक सरकारी रिपोर्ट चाळत होता. रेल्वे आणि पाइपलाइनवर देखरेख करणाऱ्या आयोगाचा. त्यात त्याला कळलं की पाइपलाइन कंपन्या आयोगाकडे बरीच सविस्तर माहिती देतात. हा गडी थेट वॉशिंग्टनला गेला, आयोगाच्या कचेरीत बसला आणि कागद मागवून घेतले.

त्यात नॉर्दर्न पाइपलाइन नावाची कंपनी सापडली. बाजारात तिचा शेअर 65 डॉलरला मिळत होता. पण कंपनीकडे रेल्वेचे बॉण्ड आणि तत्सम गुंतवणूकच शेअरमागे 95 डॉलरची होती. पाइपलाइनचा धंदा चालवायला एवढ्या पैशांची गरजही नव्हती. म्हणजे 95 रुपये आत असलेलं पाकीट 65 रुपयांना विकायला होतं आणि वर पाइपलाइनचा धंदा फुकट!

हे कागद गुप्त नव्हते. कुणीही जाऊन मागू शकत होतं. फक्त कुणी गेलंच नव्हतं.

ग्रॅहमनं शांतपणे शेअर गोळा केले आणि कंपनीला सांगितलं की जादाचा पैसा शेअरहोल्डरना वाटा. साहेब लोकांनी उडवून लावलं. 1927 च्या वार्षिक सभेला तो पेनसिल्व्हेनियातल्या आडगावी एकटाच गेला. त्याच्या ठरावाला अनुमोदन द्यायलासुद्धा कुणी नव्हतं, ठराव तिथंच मेला. पुढच्या वर्षी तो वकील आणि इतर शेअरहोल्डरची मुखत्यारपत्रं घेऊन गेला आणि संचालक मंडळात दोन जागा मिळवल्या. शेवटी कंपनीनं शेअरमागे 70 डॉलर वाटले.

एवढं वाचूनही बुडाला

त्याच सुमारास ग्रॅहम कोलंबियात संध्याकाळचे वर्ग घ्यायला लागला. विषय होता शेअर आणि बॉण्ड तपासायचे कसे. डेव्हिड डॉड नावाचा तरुण प्राध्यापक त्याच्या नोट्स काढायचा. 1929 च्या सुरुवातीला ग्रॅहमच्या फंडात 25 लाख डॉलर होते. वय 35 च्या आत, न्यूयॉर्कमध्ये आलिशान घर, दिमतीला नोकर.

आणि मग 1929 ची मंदी आली.

पहिल्या वर्षी फंड 20 टक्के पडला. बाजाराच्या मानानं हे बरंच म्हणायचं. जानेवारी 1930 मध्ये ग्रॅहम फ्लोरिडाला गेला होता. तिथं 93 वर्षांचा एक निवृत्त व्यापारी भेटला. म्हाताऱ्यानं विचारलं, डोक्यावर कर्ज किती? मग सांगितलं, उद्याच न्यूयॉर्कला जा, सगळं विक, कर्ज फेड. ग्रॅहमनं आभार मानले आणि सल्ला सोडून दिला. वाईट काळ संपलाय असं त्याला वाटत होतं. फंडात उसना पैसा होताच.

1930 मध्ये फंड निम्म्यावर आला. 1932 पर्यंत चार वर्षांत मिळून जवळपास 70 टक्के पैसे गेले होते.

आईनं 1907 मध्ये केलेली चूक पोरानं सगळे ताळेबंद कोळून पिऊनसुद्धा केली. त्याला कंपन्यांची किंमत कळत होती. पण कर्जावर उभा असलेला माणूस भाव परत वर येईपर्यंत थांबू शकत नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

आलिशान घर सुटलं. बायको पुन्हा नृत्य शिकवायला लागली. ग्रॅहमनं मात्र लोकांचे पैसे वाऱ्यावर सोडले नाहीत. वर्षानुवर्षं एक पैसा न घेता फंड चालवला आणि 1935 च्या अखेरपर्यंत तोटा भरून काढला.

पडझडीतून आलेली पुस्तकं

या सगळ्यात 1934 ला डॉडच्या सोबतीनं त्याचं जाडजूड पुस्तक आलं, सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस. ते व्यावसायिकांसाठी होतं. 1949 मध्ये त्यानं साध्या माणसासाठी दुसरं लिहिलं, द इंटेलिजंट इन्व्हेस्टर.

त्यातल्या दोन गोष्टी आजही सांगितल्या जातात. पहिली, मिस्टर मार्केट. समजा तुमचा एक लहरी भागीदार आहे. तो रोज दारात येऊन तुमच्या हिश्श्याचा भाव सांगतो, कधी खूश होऊन अवाच्या सवा, कधी रडत मातीमोल. रोज त्याचं ऐकायची सक्ती तुमच्यावर नाही, सोयीचं असेल तेव्हाच व्यवहार करायचा. दुसरी, मार्जिन ऑफ सेफ्टी. 100 ची वस्तू 100 ला घेऊ नका, 65 ला मिळेपर्यंत थांबा, म्हणजे आपला हिशोब थोडा चुकला तरी आपण बुडत नाही. डोराचं मार्जिन उसन्या पैशाचं होतं, पोराचं मार्जिन चुकीसाठी राखलेल्या जागेचं.

1950 च्या सुरुवातीला 19 वर्षांच्या एका पोरानं हे पुस्तक वाचलं आणि तो ग्रॅहमकडं शिकायला कोलंबियात पोचला. तो वॉरन बफे. पुढं 1954 ते 1956 तो ग्रॅहमकडं नोकरीलाही होता.

स्वतःलाही सूट नाही

ग्रॅहमनं आपल्याच नियमांना देव मानलं नाही. 1948 मध्ये त्याच्या फंडानं गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा सुमारे 7 लाख डॉलरला घेतला. त्यात फंडाचा जवळपास चौथा हिस्सा गेला. हे त्याच्याच नेहमीच्या शिस्तीत बसत नव्हतं. पण या एका व्यवहारानं वीस वर्षांतल्या बाकी सगळ्या व्यवहारांपेक्षा जास्त कमाई दिली. यात नशीब होतं हे त्यानं स्वतःच पुस्तकात कबूल केलं.

1956 मध्ये त्यानं फंड बंद केला आणि कॅलिफोर्नियात जाऊन शिकवायला लागला. फावल्या वेळात एक स्पॅनिश कादंबरी इंग्रजीत आणली. आयुष्याच्या शेवटी तर तो सांगायचा, की आता एवढे लोक कंपन्या तपासतात की एकेका शेअरच्या खोल अभ्यासातून पूर्वीइतका फायदा उरलेला नाही. 21 सप्टेंबर 1976 ला फ्रान्समध्ये त्याचं निधन झालं.

मग आपण काय वाचायचं?

ग्रॅहमचं पुस्तक वाचायचं असेल तर जुन्या आकडेवारीत अडकू नका. आठवं आणि विसावं प्रकरण आधी घ्या. मिस्टर मार्केट आणि मार्जिन ऑफ सेफ्टी तिथंच आहेत, बफेही त्याच दोन प्रकरणांवर जोर देतो.

ग्रॅहमला कागदासाठी वॉशिंग्टनला जावं लागलं होतं. आपल्याला खुर्चीतून उठायचीही गरज नाही. लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल बीएसई आणि एनएसईच्या वेबसाइटवर फुकट आहेत. आयपीओची कागदपत्रं सेबीच्या साइटवर मिळतात, त्यात कंपनीला स्वतःचेच धोके लिहून द्यावे लागतात. सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, हेही तिथंच तपासता येतं. हे वाचायला कंटाळवाणं आहे, त्यावर कुणी रील करत नाही.

आणि वाचून सगळं समजलंय असं वाटायला लागलं, की फ्लोरिडातल्या त्या म्हाताऱ्याचा प्रश्न एकदा स्वतःला विचारा. डोक्यावर कर्ज किती?