सिंहलद्वीपातील पांढरा पंखा : भिक्खू फाहियान यांची जीवनकथा

वाचकहो, शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा पोटासाठी घर सोडून दूर गेलेला एखादा माणूस आपल्या घरात किंवा शेजारात असतोच. पहिले काही महिने नव्या मुलखाच्या नवलाईत जातात. मग एखाद्या दिवशी अगदी क्षुल्लक वस्तू नजरेस पडते आणि डोळे भरून येतात. त्या माणसाला आपल्या अश्रूंची लाज वाटते. आपण दुबळे आहोत, आपण इकडे यायलाच नको होते, असे त्याच्या मनात येते. अशा प्रत्येकाने भिक्खू फाहियान यांचे जीवन अवश्य समजून घ्यावे.

फाहियान हे नाव आपण शाळेच्या इतिहासात वाचलेले असते. गुप्त राजांच्या काळात भारतात आलेला चिनी प्रवासी, एवढीच त्यांची ओळख पुस्तकात दिलेली असते. परंतु ते कोणत्या मनाने आले, येथे कसे राहिले आणि परत का गेले, हे फारसे कोणी सांगत नाही.

चीनमधील आजच्या शान्सी प्रांतात त्यांचा जन्म झाला. त्यांचे तीन थोरले भाऊ बालपणीच वारले होते. हाही मुलगा जाईल या भीतीने वडिलांनी त्यांना वयाच्या तिसऱ्या वर्षीच श्रामणेर केले, असे त्यांचे चरित्र सांगते. काही काळ मुलाला घरी ठेवून पाहिले, तेव्हा तो फार आजारी पडला. विहारात परत नेताच बरा झाला आणि मग घरी यायला तयारच होईना. दहाव्या वर्षी वडील गेले. विधवा आईसाठी घरी परत ये, असा आग्रह काकांनी केला. मुलाने तो मानला नाही. पुढे आई वारली, तेव्हा तिचे अंत्यसंस्कार करून तो पुन्हा विहारात आला. अशा रीतीने घर सोडणे म्हणजे काय, हे फाहियान यांना फार लवकर कळले होते.

चीनमध्ये धम्म पोहोचला होता, परंतु भिक्खूसंघाच्या आचाराचे नियम सांगणारे विनयग्रंथ अपुरे होते. संघ आहे आणि नियम पूर्ण नाहीत, ही गोष्ट त्यांना सतत टोचत होती. म्हणून इ. स. ३९९ मध्ये ते चांगआनहून, म्हणजे आजच्या शिआनहून, चार सोबत्यांसह निघाले. त्यांचे वय तेव्हा साठीच्या आसपास असावे, असे विद्वान मानतात. वाटेत आणखी भिक्खू येऊन मिळाले.

गोबीच्या वाळवंटात ते सतरा दिवस चालले. आकाशात पक्षी नाही, जमिनीवर प्राणी नाही. पूर्वी मेलेल्या वाटसरूंची हाडे हीच वाटेची खूण होती. वाळवंटापलीकडच्या अग्निदेशात चार हजारांवर भिक्खू होते. त्यांची शिस्त कडक होती. पण चीनहून आलेल्या भिक्खूंना त्यांनी आपल्या संघाच्या रीतीत सामावून घेतले नाही. तेथील लोकांनीही पाहुण्यांची नीट विचारपूस केली नाही. तीन सोबती प्रवासाची शिधासामग्री मिळविण्यासाठी माघारी वळले. पुढे खोतानमध्ये मात्र अगदी उलट अनुभव आला. तेथे बाहेरून येणाऱ्या भिक्खूंसाठी खोल्या बांधून ठेवलेल्या होत्या. वाचकहो, दोन्हीकडे चीवर तेच होते आणि त्रिशरणही तेच होते. फरक होता तो आलेल्या माणसाशी वागण्याचा.

पुढचा मार्ग सोबती हिरावून घेणारा ठरला. काही जण गांधाराकडून परत गेले. एकाने पुरुषपुरात, म्हणजे आजच्या पेशावरात, देह ठेवला. मग फाहियान, हुई-चिंग आणि ताओ-चेंग असे तिघेच भर थंडीत बर्फाळ डोंगर ओलांडू लागले. बोचऱ्या वाऱ्यात हुई-चिंग यांच्या तोंडाला फेस आला. आपण आता जगत नाही, तुम्ही थांबू नका, नाहीतर सगळेच मराल, असे त्यांनी सोबत्यांना सांगितले आणि प्राण सोडला. फाहियान यांनी त्या देहावरून हात फिरवला, ते रडले, आणि पुढे निघाले.

मध्यदेशात पोहोचेपर्यंत दोघेच उरले होते. श्रावस्तीच्या जेतवनात उभे असताना आपण दूरच्या सीमेवरच्या देशात जन्मलो, बरोबरचे कोणी परत गेले, कोणी मेले, या विचाराने दोघेही खिन्न झाले. इतक्यात तेथील भिक्खू बाहेर आले. चीनसारख्या दूरच्या देशातून माणसे धम्मासाठी येथवर येतात, याचे त्यांना मोठे आश्चर्य वाटले. मध्यदेशातील विहारांची एक रीत फाहियान यांनी आवर्जून नोंदवली आहे. परका भिक्खू आला की तेथले भिक्खू सामोरे जात. त्याचे चीवर आणि पात्र स्वतः उचलून घेत. पाय धुवायला पाणी देत. तो किती वर्षांचा भिक्खू आहे हे विचारून त्या ज्येष्ठतेप्रमाणे त्याला खोली आणि अंथरूण देत. त्याचा देश कोणता, कूळ कोणते, यावर त्याची जागा ठरत नसे.

याच मध्यदेशाविषयी त्यांची दुसरी एक नोंद आहे. ती वाचताना आपले मन थांबते. चांडाळ लोक वस्तीबाहेर राहत. नगरात किंवा बाजारात शिरताना त्यांना लाकडावर आवाज करावा लागे, म्हणजे इतरांनी ओळखून दूर व्हावे. फाहियान यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले, त्यावर भाष्य केले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा काळ ठरविताना या नोंदीची चिकित्सा केली. चांडाळांच्या एका उदाहरणावरून अस्पृश्यतेविषयी निर्णय करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तथापि आपल्या विषयापुरते एवढे स्पष्ट आहे की, हजारो कोसांवरून आलेल्या परक्याला विहाराच्या दारात पाय धुवायला पाणी मिळत होते आणि याच मातीत जन्मलेल्या माणसाला बाजारात आपण आल्याची सूचना देऊन शिरावे लागत होते. तेव्हा जन्मभूमी म्हणजेच आपले घर, असे म्हणता येईल काय?

उत्तरेकडे विनय तोंडपाठ करून शिकवला जाई, लिहिलेली प्रत मिळेना. ती पाटलिपुत्रात मिळाली. महासांघिक संप्रदायाचा तो विनय होता. फाहियान तेथे तीन वर्षे राहिले. साठी ओलांडलेला माणूस परकी भाषा शिकला आणि बसून ग्रंथ उतरवून घेऊ लागला. घराच्या आठवणीवर त्यांनी शोधलेला उपाय हाच होता. आठवण येऊ नये म्हणून ते धडपडले नाहीत, हातात काम घेतले.

येथेच शेवटचा सोबतीही त्यांच्यापासून वेगळा झाला. मध्यदेशातील भिक्खूंचे आचरण ताओ-चेंग यांना इतके भावले की, यापुढे आपण सीमेवरच्या देशात जन्मू नये असा संकल्प करून ते कायमचे येथेच राहिले. त्यांना त्यांचे घर सापडले होते. फाहियान मात्र विनय आपल्या लोकांपर्यंत नेण्यासाठी आले होते. ते एकटे निघाले. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला दोष दिल्याची नोंद नाही. आपणही देऊ नये.

ताम्रलिप्ती बंदरात दोन वर्षे ग्रंथ उतरवून ते व्यापारी जहाजाने चौदा दिवसांत सिंहलद्वीपाला पोहोचले. अनुराधपुरातील अभयगिरी विहारात पाच हजार भिक्खू होते. तेथे हिरव्या मौल्यवान पाषाणाची भव्य बुद्धमूर्ती होती. एके दिवशी त्या मूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने दान म्हणून ठेवलेला पांढऱ्या रेशमाचा पंखा फाहियान यांना दिसला. तो चीनचा होता. इतकी वर्षे त्यांनी ज्यांच्याशी व्यवहार केला ती माणसे परकी, डोंगर, नद्या आणि झाडेही अनोळखी. सोबतीला स्वतःच्या सावलीवाचून कोणी नाही. तो पंखा पाहताच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. लक्षात घ्या, ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितलेली नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवली. वाळवंट आणि हिमपर्वत ओलांडणाऱ्या या भिक्खूला आपले अश्रू लपवावेसे वाटले नाहीत. आणि लगेच गाठोडे बांधून ते निघालेही नाहीत. त्या बेटावर त्यांनी एकूण दोन वर्षे काढली आणि चीनमध्ये नसलेले महीशासक विनय, दीर्घागम, संयुक्तागम हे ग्रंथ मिळविले.

परतीचा समुद्रप्रवास भयंकर होता. पहिल्या वादळात जहाजाला भोक पडले. व्यापारी सामान समुद्रात फेकू लागले, तेव्हा फाहियान यांनी आपली पाण्याची सुरई फेकली, पण ग्रंथांना हात लावू दिला नाही. यवद्वीपात पाच महिने थांबून ते दुसऱ्या जहाजावर चढले. तेथेही वादळ आले. या श्रमणामुळे संकट आले, त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्या, असे जहाजावरील ब्राह्मण म्हणू लागले. तेव्हा त्यांचा एक उपासक पुढे आला. यांना उतरवायचे तर मलाही उतरवा किंवा मारून टाका, नाहीतर मी चीनच्या राजाला सर्व सांगेन, असे त्याने बजावले. सारे गप्प झाले. परक्यांच्या गर्दीत आपल्यासाठी उभे राहणारे एक माणूस पुरे असते.

अखेर इ. स. ४१२ मध्ये, अन्नपाणी संपत आले असताना, जहाज किनाऱ्याला लागले. कोणता देश हे कोणालाच कळेना. फाहियान यांना तेथे ओळखीची रानभाजी उगवलेली दिसली आणि त्यांनी जाणले की हा आपला देश. किनाऱ्यावर दोन शिकारी भेटले, ते घाबरले होते. त्यांच्याशी बोलायला व्यापाऱ्यांनी फाहियान यांनाच पुढे केले. काल जहाजावर नकोसा झालेला परका आज सर्वांचा दुभाषी झाला!

त्यांना चांगआनला जायचे होते. पण ते दक्षिणेकडील राजधानीत, आजच्या नानजिंगमध्ये गेले आणि भारतीय भिक्खू बुद्धभद्र यांच्याबरोबर अनुवादाला बसले. महासांघिक विनयाचे चाळीस भाग चिनी भाषेत आले. आता घर सोडून आलेले बुद्धभद्र होते आणि सोबत देणारे फाहियान. ऐंशी वर्षे ओलांडल्यावर चिंगचौ येथील विहारात त्यांचे निधन झाले. महीशासक विनयाचा अनुवाद त्यांच्यामागे इतरांनी पूर्ण केला.

वाचकहो, तुम्ही दूर देशी असाल तर घराची आठवण आली म्हणून खचू नका. रडू आले तर रडा, आणि ज्या कामासाठी आलात ते पुन्हा हाती घ्या. तेथेच रुजावेसे वाटले तर ताओ-चेंग यांच्याप्रमाणे खुशाल रुजा. परतावेसे वाटले तर रिकाम्या हाताने परतू नका. आणि जे आपल्याच गावात आहेत त्यांना सांगणे एवढेच : पुढच्या पौर्णिमेला विहारात कोपऱ्यात एखादा अनोळखी माणूस बसलेला दिसेल. तो कुठल्या गावचा, कुठल्या जातीतून आलेला, हे विचारण्याआधी उठून त्याला पाणी द्या.