नकलेकडून आकलनाकडे : पंडित कुमार गंधर्व

रसिकांच्या मनात रुजलेले एखादे पद दुसऱ्या गळ्यातून उमटले, की तुलना अटळ असते. मूळ गायकाच्या जागा तशाच आल्या तर नक्कल म्हणून नाक मुरडले जाते. त्या बदलल्या तर मूळ चाल बिघडवल्याची तक्रार होते. पाश्चात्त्य रॉक संगीतात अशा पुनर्गायनाला ‘कव्हर’ म्हणतात. बॉब डिलन यांनी १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे गीत जिमी हेंड्रिक्स यांनी पुढच्याच वर्षी इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाने नव्याने मांडले आणि आज अनेकांना तेच रूप आधी आठवते. मराठी संगीतात मूळ आणि पुनर्गायन यांच्या नात्याचा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर अंगावर घेतला, ते म्हणजे पंडित कुमार गंधर्व. बेळगावच्या परिसरात जन्मलेला आणि मुंबईत घडलेला हा कलावंत इंदूरजवळच्या माळव्याच्या मातीत खऱ्या अर्थाने स्वतःचा झाला.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. घरात गाणे होते आणि ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी हा मुलगा अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या बुजुर्गांच्या ध्वनिमुद्रिका आलाप, तान आणि लकबींसह जशाच्या तशा गाऊ लागला. एका लिंगायत मठाधिपतींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच पुढे त्याचे नाव झाले. गावोगावी जलसे होऊ लागले. श्रोते थक्क होत असत. परंतु त्या कौतुकात एक सापळाही होता. टाळी मिळत होती ती कुमारच्या गळ्याला. गाणे मात्र दुसऱ्याचे होते.

१९३६ मध्ये मुंबईच्या जीना हॉलमधील संगीत परिषदेत या बालगायकाने भल्याभल्यांना चकित केले. त्यानंतर प्रा. बी. आर. देवधर यांच्या संगीत विद्यालयात त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. परंतु एका घराण्याच्या चौकटीत ते अडकले नव्हते. अनेक घराण्यांच्या गायकांकडून त्यांनी विद्या मिळवली होती. एखादी जागा अशीच का घ्यायची, हा प्रश्न विचारण्याची मुभा या गुरुकुलात होती. याच काळात मूळच्या गोव्यातील मालपे येथील अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारांनी तालीम घेतली. कुमारांच्या घडणीत गोमंतकाचाही असा वाटा आहे. जे आजवर ऐकून उचलले होते, त्यामागील विचार आता उलगडू लागला.

१९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयरोगाने त्यांना गाठले. कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ मध्ये हे दांपत्य इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवरील देवास येथे आले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. गाणे वर्ज्य होते. अनेक वर्षे अंथरुणावर गेली. ज्याची सारी ओळख गळ्यात होती, त्याला केवळ कान उरले. त्या कानांवर माळव्यातील स्त्रियांची लग्नगीते, ऋतुगीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने पडत होती. लोकधुनांतच रागांचे बीज असते, हे त्यांना या सक्तीच्या मौनात जाणवले. स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाने प्रकृती सावरली आणि १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी ते पुन्हा गाऊ लागले. मालवती, लगनगंधार, संजारी, मधसुरजा यांसारखे धुनउगम राग त्या श्रवणातून जन्मले.

या पुनर्जन्माला इंदूरचा मोठा आधार होता. होळकरांच्या या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती आणि गाणे ऐकणारा जाणता वर्ग होता. रसिकाग्रणी रामूभैया दाते, ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर, रंगकर्मी बाबा डिके यांच्या सहवासात कुमारांच्या नव्या गाण्याला मोकळेपणाने ऐकणारे मित्र लाभले. एका श्वासात लांब ताना घेणे आता शक्य नव्हते. त्यांनी लहान स्वरवाक्ये, अचानक उंचावणारा आणि तितक्याच अचानक विरणारा आवाज, तसेच बोलकी शांतता यांतून आपली शैली उभी केली. घराण्याच्या शिस्तीचा आग्रह धरणाऱ्यांनी तिच्यावर कठोर टीका केली.

या दीर्घ प्रवासानंतर त्यांनी बालगंधर्वांच्या पदांना हात घातला. ते धाडसच होते. नारायणराव राजहंस अर्थात बालगंधर्व हे महाराष्ट्र-गोव्याचे दैवत. त्यांची पदे गाणाऱ्याने त्यांच्यासारखेच गावे, अशी भक्तांची अपेक्षा असे. कुमारांनी आपल्या कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यातील पहिल्याच शब्दात त्यांची भूमिका होती. ही प्रतिकृती नव्हती; एका गायकाला दुसरा गायक जसा कळला, तसे त्याचे दर्शन होते.

या दोन आविष्कारांत फरक ठळक आहे. बालगंधर्व रुक्मिणी, भामिनी किंवा सिंधू होऊन गात. ऑर्गन आणि सारंगीची साथ, अहमदजान थिरकवाँचा तबला, प्रसंगाचा भाव आणि प्रेक्षकांचे ‘वन्समोअर’ यांत ते पद फुलत जाई. कुमारांपुढे रंगमंच नव्हता, भूमिका नव्हती. पदातील स्वराकृती त्यांनी नाट्यप्रसंगातून सोडवून मैफलीत आणली, एकेक वळण तपासले आणि आपल्या श्वासाच्या मापाने पुन्हा बांधले. बालगंधर्वांचा अखंड, लडिवाळ प्रवाह येथे नाही, ही हानी मान्य करावीच लागते. परंतु त्या प्रवाहाखालचा रागविचार आणि लयीशी चाललेला खेळ कुमारांच्या गाण्यात अधिक स्पष्ट दिसतो.

मूळ म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही येथे उभा राहतो. १९१६ च्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. त्या घडवताना ख्यालातील बंदिशींचा आधार होता. मराठी नाट्यपद हे अनेकदा स्वतःच एका जुन्या चीजेचे पुनर्गायन असते. शिवाय बालगंधर्व प्रत्येक ‘वन्समोअर’ला तेच पद निराळ्या अंगाने गात. तबकडीवर उरली ती त्यातील तीन-साडेतीन मिनिटे. त्या तबकडीशी तंतोतंत इमान राखणारा गायक बालगंधर्वांच्या सर्जनशीलतेशी फारकत घेण्याचा धोका असतो. लहानपणी तबकड्या हुबेहूब गाणाऱ्या कुमारांइतकी ही मर्यादा दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

भानुमतींचे १९६१ मध्ये निधन झाले. पुढे वसुंधरा श्रीखंडे या त्यांच्या सहचारिणी आणि मैफलीतील सहगायिका झाल्या. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ आला. कबीर, सूरदास, मीरा आणि तुकाराम यांची पदेही त्यांनी याच दृष्टीने गायिली. १९७७ मध्ये पद्मभूषण व १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

नियतीचा खेळ असा, की आज कुमारांचीच नक्कल होते. त्यांचे अर्ध्यावर तोडलेले स्वर आणि आकस्मिक हुंकार निरोगी फुप्फुसांचे तरुण गायक हौसेने उचलतात. गोव्यात नाट्यसंगीताच्या स्पर्धांना आजही उत्साहाने प्रतिसाद मिळतो आणि बालगंधर्वांची पदे लहान मुलांच्या ओठांवर असतात. अनुकरण ही शिक्षणाची पहिली पायरी आहे. कुमारही तिथूनच वर गेले. त्या पायरीवर टाळ्या मिळत असताना ती सोडण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. पुढच्या पिढीने त्यांच्याकडून घ्यायचे आहे ते हेच.