लक्ष्मीबाईंचे सोने आणि साताऱ्याचे कॉलेज

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. गरीब विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि पदवीपर्यंत शिकावे, अशी त्याची योजना. त्याचे श्रेय कर्मवीर भाऊराव पाटलांना दिले जाते व ते रास्तच आहे. मात्र या कॉलेजचा पाया शोधू लागलो, की आम्ही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या चुलीपाशी येऊन थांबतो.

भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे अस्पृश्यांसह सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या जैन घरातल्या. सोने सोडण्याहून ते सोवळे सोडणे त्यांना अधिक जड गेले असावे, असे आम्हांस वाटते. त्यांनी दोन्ही सोडले. मुलांच्या आईच झाल्या. लोकांनी दिलेले धान्य व पैसा अपुरा पडे, तेव्हा त्यांचा एकेक दागिना मोडला जाई. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीत दाणाही उरला नव्हता. त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि मुले जेवली. देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांवर अशा रकमा क्वचितच कोरल्या जातात.

१९३० साली त्या गेल्या. कॉलेज निघायला अजून सतरा वर्षे होती. वसतिगृहाची चूल मात्र भाऊरावांनी विझू दिली नाही.